वीस वाव पाणी, चार नांगर आणि ‘नेमून ठेवलेलं’

वाईट बातमी आली की मालवण-वेंगुर्ल्याकडचा माणूस म्हणतो, ‘देवाक काळजी.’ कोणी म्हणेल ‘देवाची मर्जी’, कोणी ‘नशिबातच होतं’. ख्रिस्ती घरांतही हेच शब्द चालतात, कारण भाषा सगळ्यांची एकच आहे. कानाला तिन्ही एकाच सुस्काऱ्यासारखे वाटतात, पण त्यांच्यामागे तीन वेगळ्या समजुती आहेत. पूर्वनियोजन (म्हणजे तारणाचं देवाने आधीच ठरवून ठेवणं), कृपा आणि माणसाची स्वेच्छा यांवरचा ख्रिस्ती वाद मराठीत बिघडतो तो इथेच. बायबल अभ्यासाला बसलेल्या मंडळीत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडतात, देवाने अगोदरच नेमून ठेवल्याचं वचन वाचतात, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सटवाईने कपाळावर ओढलेली रेघ उभी राहते. पुढचे दोन तास मग सगळे ते पत्र लिहिणाऱ्या पौलावर न बोलता सटवाईवर बोलत राहतात.

म्हणून हा विषय रोमकरांस पत्रापासून सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पासून सुरू करावा. किनाऱ्यावरच्या माणसाला तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही. पौल कैदी म्हणून रोमला निघाला आहे, दर्यावर जायचा हंगाम उलटून गेला आहे आणि जहाज वादळात सापडलं आहे. माल आणि जहाजाचं सामान समुद्रात टाकून झालं आहे. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते पाणी मोजतात: वीस वाव. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा मोजतात: पंधरा वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट बघत बसतात.

आता दोन वचनं शेजारी शेजारी ठेवा. २२ ते २४ मध्ये पौल सगळ्यांना सांगतो की जहाज जाईल, पण तुमच्यातला एकही जीव जाणार नाही, देवाच्या दूताने मला तसं सांगितलं आहे. शब्द पक्का, त्यात ‘जर-तर’ नाही. पण ३१ व्या वचनात, खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून छोटी होडी खाली सोडतात आणि पळायला बघतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी वाहून जाते. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांच्या आधाराने, मोजून २७६ माणसं किनाऱ्याला लागतात.

नशीब मानणाऱ्याला ३१ वं वचन अनावश्यक वाटेल. वाचायचं ठरलंच आहे, मग खलाशी राहिले काय आणि गेले काय! सगळं आपल्या हातात आहे असं मानणाऱ्याला २२ वं वचन जड जाईल, कारण खलाशी पळाले असते तर दूताचा शब्द खोटा पडला असता. पौलाला मात्र दोन्ही एका दमात बोलताना अडचण वाटत नाही. त्याच्या लेखी शेवट ठरलेला आहे, आणि त्या शेवटापर्यंत नेणारा कापलेला दोर, टाकलेले नांगर, खलाशांचं कसबही त्याच संकल्पात आलेलं आहे. नशिबाच्या कल्पनेत साधनं गळून पडतात. तिथे घाम गाळा किंवा झोपून राहा, रेघ तीच.

हा फरक पहिल्या बैठकीत पक्का बसला नाही तर पुढे जाऊ नये. प्रारब्धाचाही हिशेब इथेच वेगळा काढावा. प्रारब्ध हे आपल्याच मागच्या कर्माचं फळ, म्हणजे मुळात कमावलेलं. पौल ज्या निवडीबद्दल बोलतो तिचा सगळा भर ती कमावलेली नाही यावरच आहे: याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांनी बरं-वाईट काही केलंही नव्हतं, असं तो मुद्दाम लिहितो. तेव्हा पूर्वनियोजनाला ‘ख्रिस्ती प्रारब्ध’ म्हणणं म्हणजे त्याचा कणाच उलटा बसवणं. आणि ‘देवाक काळजी’? त्यात देव आहे, त्याची आपल्याकडे नजर आहे, म्हणून ते ख्रिस्ती समजुतीला बाकी दोघांपेक्षा जवळचं. पण ते देव जग कसं सांभाळतो याबद्दलचं वाक्य आहे. तारण कोणाला आणि कसं मिळतं, हा त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न आहे.

दुसऱ्या बैठकीला शब्द घ्यावेत. मराठीत जिथे ‘अगोदर नेमणे’ येतं, तिथे ग्रीकमध्ये ‘प्रोओरिझो’ हे क्रियापद आहे. ‘होरोस’ म्हणजे हद्द. गडगा घालण्यापूर्वी दोरी लावून हद्द आखतात, तसं आधीच आखून ठेवणं. नव्या करारात हे क्रियापद फक्त ६ वेळा येतं: कृत्ये ४:२८, रोमकरांस ८:२९ आणि ८:३०, १ करिंथकरांस २:७, इफिसकरांस १:५ आणि १:११. सहाही ठिकाणं सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: काय नेमलं? उत्तरं येतात ती अशी. कृत्यांत ख्रिस्ताचं दुःखसहन. करिंथकरांसमध्ये देवाचं गुप्त ज्ञान. उरलेल्या चार ठिकाणी माणसं, पण ती कशासाठी? पुत्राच्या प्रतिरूपाचं होण्यासाठी, दत्तक पुत्र होण्यासाठी, वारसा मिळण्यासाठी. कोणाचा नाश या क्रियापदाचं कर्म म्हणून एकदाही आलेला नाही. एवढ्यावरून दुहेरी पूर्वनियोजनाचा, म्हणजे देवाने काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी नेमलं का हा, प्रश्न निकाली निघत नाही, कारण त्या मताचे लोक रोमकरांस ९ वर उभे असतात. पण वादाचं वजन कुठे आहे ते कळतं.

त्याच बैठकीत इफिसकरांस १:३-१४ वाचावं. ग्रीकमध्ये हे सुमारे २०० शब्दांचं एकच वाक्य आहे. ‘ख्रिस्तामध्ये’, ‘त्याच्यामध्ये’ असे शब्द येतील तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगावी. खुणांची गर्दी बघूनच लक्षात येतं की पौलाच्या मनात नावांची यादी आधी आणि ख्रिस्त नंतर असा क्रम नाही. निवड होते ती ख्रिस्तामध्ये. स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी १९४२ मध्ये हाच धागा इतका ताणला की निवडलेला आणि नाकारलेला दोन्ही ख्रिस्तच, असं मांडलं. ते पटो न पटो, खुणा त्यांनी नीट मोजल्या होत्या. चौदाव्या वचनातला ‘विसार’ हा शब्दही सोडू नये. जमिनीच्या व्यवहारात विसार घेतला की सौदा अजून पुरा झालेला नसतो, पण मागेही फिरता येत नाही. पवित्र आत्मा हा वतनाचा विसार आहे, हे कोकणातल्या माणसाला कोणत्याही भाष्यापेक्षा लवकर कळतं. (आपल्याकडे सोनं ‘तारण’ ठेवतात तो व्यवहार मात्र या विषयात आणू नये. शब्द एक असला तरी इथलं तारण हे तरून जाण्यातलं, पाण्यापलीकडे नेण्यातलं आहे.)

तिसरी बैठक सगळ्यांत अवघड, आणि बहुतेक ठिकाणी फसते ती हीच. रोमकरांस ९ वाचतात आणि २३ व्या वचनापाशी थांबून वाद सुरू करतात. पौलाचा युक्तिवाद ९ ते ११ असा सलग तीन अध्यायांचा आहे: ३३, २१ आणि ३६, एकूण ९० वचनं. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. ती आधी काढावीत, मधे कोणालाही प्रश्न विचारू देऊ नये. नवव्या अध्यायात देव कुंभार आहे. दहाव्यात तोच देव दिवसभर हात पसरून हट्टी लोकांना बोलावतो आहे आणि जो कोणी नाव घेईल तो तरेल असं म्हणतो आहे. अकराव्यात तोडलेल्या फांद्या पुन्हा कलम होऊ शकतात. कलमं बांधणाऱ्या जिल्ह्यांत हे सांगायला नकोच, पण पौल स्वतः कबूल करतो की तो नेहमीच्या उलट रीत सांगतो आहे: रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या झाडावर. आणि ११:३२ मध्ये निष्कर्ष येतो की सर्वांवर दया करावी म्हणून देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं. नवव्या अध्यायातच थांबलेल्या माणसाने पौलाचं अर्धं वाक्य ऐकलेलं असतं.

तपशिलाच्या चार जागा अशा. ‘याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष’ हे मलाखीतून घेतलेलं आहे आणि तिथे ते दोन राष्ट्रांबद्दल आहे. उत्पत्ती २५:२३ मध्येही पोटात दोन राष्ट्रं आहेत असंच म्हटलं आहे. त्यावर कॅल्व्हिनपंथी (सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाचे, निवड सर्वस्वी देवाची मानणारे अनुयायी) विचारतात, राष्ट्र माणसांचंच ना, आणि पौल इथे इस्राएलातल्या कोण आत, कोण बाहेर याबद्दलच बोलत नाही का? हा प्रश्न रास्त आहे. इस्राएलांना सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या राजाचं, फारोचं मन कठीण होण्याबद्दल निर्गममध्ये दोन्ही तऱ्हेची वाक्यं आहेत. देव ४:२१ आणि ७:३ मध्ये आधीच सांगतो की मी ते कठीण करीन. पण देवाने मिसरवर आणलेल्या पीडा सुरू झाल्यावर पहिल्या पाचांत फारो मन कठीण करतो किंवा ते कठीण होतं, आणि परमेश्वराने ते कठीण केलं असं प्रथम येतं ते सहाव्या पीडेत, ९:१२ मध्ये. एक बाजू फक्त ४:२१ वाचते, दुसरी फक्त ८:१५. कुंभाराचं रूपक यिर्मया १८ मध्येही आहे, आणि तिथे हातातलं भांडं बिघडल्यावर कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो, राष्ट्र वळलं तर देवही वळतो. शेवटची जागा व्याकरणाची: रोमकरांस ९:२२-२३ मध्ये दयेची पात्रं ‘त्याने’ आधी सिद्ध केली असं कर्ता देऊन म्हटलं आहे, क्रोधाची पात्रं मात्र नाशासाठी ‘सिद्ध झालेली’ आहेत, कोणी केली ते सांगितलेलं नाही. पौलासारखा लेखक अशी जागा उगाच मोकळी सोडत नाही, असं मला वाटतं.

चौथ्या बैठकीत इतिहास घ्यावा. त्याआधी घेतला तर लोक वचनांऐवजी पक्ष निवडतात.

वाद पेटला तो एका प्रार्थनेवरून. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने देवाला म्हटलं होतं की तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. ब्रिटनहून रोममध्ये आलेल्या पेलेजियसला हे खटकलं. त्याची काळजी खोटी नव्हती: बळ देवानेच द्यायचं असेल तर माणूस हातावर हात ठेवून बसेल. पण उत्तर देताना तो फार पुढे गेला. कृपा म्हणजे देवाने दिलेली बुद्धी, नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचा कित्ता, एवढ्यावर ती येऊन थांबली. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने हे मत नाकारलं. ऑगस्टीन स्वतः आधी मानत असे की विश्वास ठेवणं तरी आपलं असतं. ३९६ च्या सुमारास ‘तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही’ या १ करिंथकरांस ४:७ च्या प्रश्नाने त्याचं मत फिरवलं. म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं की आपण स्वेच्छेच्या बाजूने झटलो, पण देवाची कृपा जिंकली.

यानंतरची खरी महत्त्वाची तारीख फारशी कोणाला ठाऊक नसते: ५२९, फ्रान्सच्या दक्षिणेकडची ऑरेंजची परिषद, २५ कलमं. तिथे ठरलं की केवळ विश्वास वाढवणंच नव्हे, तर विश्वासाची सुरुवात, विश्वास ठेवावासा वाटणंदेखील कृपेचं काम आहे. आणि त्याच दमात, देवाने कोणाला वाईटासाठी नेमलं आहे असं म्हणणाऱ्याचा धिक्कारही केला. मध्ययुगात काही शतकं ही कलमं विस्मरणात गेली होती. ती समोर असती तर पुढची बरीच कटुता टळली असती, असं मानायला जागा आहे.

आता पुढचं जरा सावकाश वाचावं, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याबद्दलचा ठराव केला: १६ प्रकरणं, ३३ कलमं. पहिलंच कलम म्हणतं की कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं कोणी म्हणेल तर तो बाहेर. ‘कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात’ असं सांगणाऱ्या पाळकांनी हे एक कलम तरी वाचायला हवं. चौथं कलम म्हणतं की कृपा हलवते तेव्हा माणसाची इच्छा एखाद्या निर्जीव वस्तूसारखी पडून राहत नाही. दुसरीकडे १३ नोव्हेंबर १६१८ ते ९ मे १६१९ या काळात हॉलंडमध्ये डॉर्टची सिनड, म्हणजे धर्मसभा, भरली, कॅल्व्हिनपंथाची सगळ्यांत काटेकोर. तिच्या तिसऱ्या-चौथ्या विभागाचं सोळावं कलम काय म्हणतं? की ही कृपा माणसांना लाकडाच्या ओंडक्यांसारखं वागवत नाही, त्यांची इच्छा काढून घेत नाही. निर्जीव वस्तू आणि लाकडाचा ओंडका: एकमेकांना चुकीचे म्हणणारे दोन पक्ष एकच गोष्ट नाकारत आहेत.

मग वाट फुटते कुठे? ट्रेंट म्हणतं, कृपेने हललेली इच्छा हवं तर नकार देऊ शकते. डॉर्ट म्हणतं, देव ज्याला नवा जन्म देतो त्याची इच्छाच नवी होते, म्हणून ती होकार देते आणि मनापासून देते. सुरुवात देवाची, हे दोघांना मान्य. माणूस बाहुली नाही, हे दोघांना मान्य. प्रश्न उरतो तो एकच: तारणारी कृपा शेवटपर्यंत नाकारता येते का? डॉर्टने ज्यांना बाहेर काढलं त्या आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनीही १६१० च्या आपल्या पाच कलमांत लिहिलं होतं की चांगल्याचा आरंभ, वाढ आणि शेवट कृपेनेच होतो. फक्त ती नाकारता येते. म्हणून आर्मिनियसला पेलेजियस म्हणणं ही सरळ चूक आहे, जशी कॅल्व्हिनला दैववादी म्हणणं ही चूक आहे. कॅल्व्हिनने अनिवार्यता आणि सक्ती यांत स्वच्छ फरक केला होता: पापी माणूस पापच करतो, पण कोणी मानगूट धरून करवत नाही, आपखुशीने करतो. ल्यूथरपंथीयांनी १५७७ मध्ये तिसरीच जागा धरली. निवड फक्त जीवनासाठी, तरला तर सगळं श्रेय कृपेचं, बुडाला तर दोष माणसाचा. यांची सांगड कशी ते विचारू नका.

कॅथलिकांच्या आतही हा वाद चिघळला. १५८८ मध्ये मोलिना या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने मांडलं की कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असतं आणि त्यानुसार तो कृपा देतो. डोमिनिकन संघाचा बान्येझ आणि त्याच्या बाजूच्यांना हे देवाला माणसाच्या निवडीवर टेकवणं वाटलं. रोममध्ये १५९८ ते १६०७ चर्चा चालली, आणि पाचव्या पॉल पोपने शेवटी निकाल दिला तो असा की दोघांनीही आपापलं शिकवावं, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये. हा निकाल मला पळवाट वाटत नाही. तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधत होते. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं, म्हणजे त्या निकालानंतर नऊच वर्षांनी. युरोपात ज्यावर रान पेटलं होतं तो प्रश्न पोटात घेऊनच कृपा हा शब्द आपल्या बोलीत रुजला.

प्रोटेस्टंट बाजूही कोकणाशी तेवढीच जुळलेली आहे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, पुढे हर्णैला काम चाललं. हे प्रेसबिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाचं वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र मानणारे. रत्नागिरी-वेंगुर्ल्याचे अमेरिकन मिशनरीही प्रेसबिटेरियनच. त्या विश्वासपत्राचा तिसरा अध्याय म्हणतो की जे जे घडतं ते देवाने ठरवलं आहे. पण तेच वाक्य पुढे म्हणतं की त्यामुळे देवाने घडवलेल्या जीवांच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही आणि दुय्यम कारणांचं खरेपण जात नाही, उलट पक्कं होतं. कृत्ये २७ आठवावं. अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळीने १९०३ मध्ये त्या अध्यायाला खुलासा जोडला की हे सर्व माणसांवरच्या देवाच्या प्रीतीशी सुसंगत असंच समजावं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट असे एका छपराखाली आले. म्हणजे वेस्टमिन्स्टरचे नातू आणि मेथॉडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली याचे नातू आज एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात, आणि त्यात १७३९ मध्ये पूर्वनियोजनाविरुद्ध कडक प्रवचन करणाऱ्या वेस्लीचे नातू कोणते, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. पेन्टेकॉस्टल मंडळ्या बहुतेक वेस्लीच्या बाजूला झुकतात.

दृष्टान्त वापरताना फार जपावं. प्रत्येक दृष्टान्त गुपचूप एक बाजू घेतो. बुडणाऱ्याकडे दोर फेकला आणि त्याने तो धरला, हा आर्मिनियसचा दृष्टान्त झाला. त्याने स्वतः भुकेल्या भिकाऱ्याचा दिला होता, की हात पुढे केल्याने दान हे दान राहत नाही का? तळाशी गेलेलं प्रेत वर काढून त्यात श्वास फुंकला, हा डॉर्टचा. वारा देवाचा आणि शीड उभारणं आपलं, हा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या जवळचा. कॅल्व्हिनपंथी लगेच विचारेल, शीड उभारावंसं कोणी वाटवलं? आपल्याकडे वैष्णवांत मांजरीचं पिल्लू आणि माकडीचं पिल्लू असा भेद पूर्वापार आहे: एकाला आई तोंडात धरून नेते, दुसरं आईच्या पोटाला घट्ट बिलगतं. ऐकणाऱ्याला हा पटकन लागतो म्हणून तो जरूर वापरावा, पण सांगून टाकावं की माकडीच्या पिल्लातही बिलगण्याची ताकद आली कुठून, हा ऑगस्टीनचा प्रश्न शिल्लक राहतो. दोन दृष्टान्त समोरासमोर ठेवावेत, एकटा कधीच देऊ नये.

आणखी एक हमखास चूक: टक्केवारी. नव्वद टक्के देवाचं, दहा टक्के आपलं. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच सांगितलं होतं की कृपेतून काय आणि स्वेच्छेतून काय अशी वाटणी होत नाही, कारण देव हे पहिलं कारण आणि माणूस हे दुय्यम कारण, आणि काम दोघांचंही पुरतं असतं. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये पौल आपलं तारण भीत भीत साधून घ्या म्हणतो, आणि कारण देतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. ‘पण’ म्हणत नाही, ‘कारण’ म्हणतो. हे एक अव्यय फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं.

वाद संपल्यावर नेहमी एखादी व्यक्ती मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, माझी निवड झाली आहे का? इथे तत्त्वज्ञान सांगू नये. कॅल्व्हिनचंच उत्तर द्यावं: ख्रिस्त हा आपल्या निवडीचा आरसा आहे, देवाच्या गुप्त ठरावात डोकावू नका, आरशात बघा. कॅथलिक असेल तर ट्रेंटचं बारावं प्रकरण म्हणतं की विशेष प्रकटीकरणावाचून आपण निवडलेले आहोत असं कोणी खात्रीने म्हणू नये. पण ते उद्दामपणावर आहे, आशेवर नाही. बाप्तिस्मा, मिस्सा, पापनिवेदन ही साधनं हाताशी आहेत, ती धरायला सांगावं. जो हा प्रश्न कळवळून विचारतो त्याचं मन कठीण झालेलं नाही, हे दोन्ही बाजूंचे अनुभवी धर्मगुरू जाणतात.

तान्हं मूल गेलेल्या घरात तर पक्षाचा विचारही आणू नये. डॉर्टच्या पहिल्या विभागाचं सतरावं कलम सांगतं की अशा मुलाच्या निवडीबद्दल भाविक आईबापांनी शंका घेऊ नये. अमेरिकन प्रेसबिटेरियनांचा १९०३ चा खुलासा बालपणी मरण पावलेल्या सगळ्यांना तारणात धरतो. कॅथलिक धर्मशिक्षण बाप्तिस्मा न झालेल्या बालकांना देवाच्या दयेवर सोपवतं, आणि २००७ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या आशेला भक्कम कारणं असल्याचं म्हटलं. तीन वेगळ्या वाटांनी तिघेही त्याच उंबऱ्यापाशी येतात.

आणि होडी परत न आलेल्या घरात ‘देवानं नेमलेलंच होतं’ हे वाक्य तोंडातून काढू नये, अगदी तुमच्या विश्वासपत्राप्रमाणे ते खरं असलं तरी. तिथे ते नशीब म्हणूनच ऐकलं जातं, आणि बाईच्या मनात देव सटवाई होऊन बसतो. वर मोजलेल्या सहा ठिकाणांत कुठेही कोणाचं दर्यात बुडणं नाही. रोमकरांस न्यायचंच असेल तर नववा अध्याय घरी ठेवावा आणि आठव्याचा शेवट, ३१ ते ३९, वाचावा. ३९ व्या वचनात, देवाच्या प्रीतीपासून जे आपल्याला तोडू शकत नाही त्याच्या यादीत, ‘खोली’ हाही शब्द आहे. तो सावकाश वाचावा, आणि मग बसून राहावं.